वॉर्डाच्या वाट्याचे चौसष्ट पत्ते

४ ऑगस्ट
अक्षर अजून वाकडंच येऊन राहिलं. फिजिओवाल्या मॅडम म्हणतात, रोज चार ओळी लिहा, काहीही लिहा, हात सुटते. काहीही म्हणजे काय? बरं.
आजपासून दवाखान्यातलं ऑफिस. मेडिकल बोर्ड पास करेपर्यंत अर्धा दिवस, हलकं काम. रंजूनं गाडीवर मागं बसवून नेलं. लग्नाले इतकी वर्षं झाली, बायको पुढं अन् मी मागं हे पहिल्यांदा. सिग्नलवर लोक बघत होते. बघा म्हटलं.
गेल्या ऑक्टोबरात लकव्याचा झटका आला तेव्हा याच दवाखान्यात स्ट्रेचरवर गेलो होतो. आज काठी घेऊन गेलो. कॉम्प्युटर विभागात खुर्ची तीच आहे, टेबल मात्र कोपऱ्यात सरकवलं.

६ ऑगस्ट
काम मिळालं. दवाखान्याच्या बेसाकडच्या नव्या बिल्डिंगचं नेटवर्क. आमचा आयसीयू वॉर्ड आहे तसा उचलून तिकडं जाणार, सोबत ओपीडी, लॅब. आमचे विभागप्रमुख घाटे साहेब म्हणाले, "रामटेके, प्राचीसोबत बसा. करेल ती. तुम्ही फक्त नजर ठेवा."
प्राची माझ्या बिमारीत माझ्या जागेवर आली. हुशार पोरगी. दर वाक्याले सर.
हेड ऑफिसनं बिल्डिंगले एकच रेंज दिली, २५६ आयपी पत्ते. हर मशिनीले आपला पत्ता पाहिजे, नाही तर ती मुकी. आता हे पत्ते विभागाविभागात वाटायचे, ज्याची जशी गरज तसा लहानमोठा तुकडा. हे काम मी चहा पिता पिता करायचो. आज कागदापुढं बसलो अन् घाम फुटला.

७ ऑगस्ट
काल मी मांडलं होतं, कॅमेरे ० ते ३१, पुढं वॉर्डाचे चौसष्ट, बत्तीसपासून.
बत्तीसपासून! चौसष्टचा तुकडा चौसष्टच्या पटीवरच सुरू होते. ०, ६४, १२८, १९२. मधून कुठून सुरू केला तर शेजारच्याच्या अंगावर जाते. म्हणून तर मोठा तुकडा आधी ठेवायचा, लहान मागून. मी स्वतः लोकांले हे शिकवलं, ओरडून ओरडून.
आज पाहतो तर प्राचीनं गुपचूप नीट करून ठेवलं. "छान झालं सर," म्हणे.
अगं, सांग ना मले. सर, हे चुकलं, एवढं म्हणायले काय जाते तुझं?
घरीही तेच. रंजूले म्हटलं, आज बुधवार ना? हो म्हणे. शुक्रवार होता. मी खोटंच विचारलं होतं.
झटका आल्यापासून मले कोणी चूक म्हणत नाही. खूप राग येते. रागापेक्षा भेव जास्त वाटते.

१० ऑगस्ट
वाटप पक्कं. ओपीडी अन् ऑफिसचे कॉम्प्युटर शंभराच्या वर, म्हणून १२८. वॉर्डातल्या पेशंटच्या मॉनिटरले ६४. कॅमेरे ३२. फोन १६, लॅब १६. बेरीज बराबर २५६. एक पत्ता उरला नाही. घा. साहेब खूश.
रंजू गवारीच्या शेंगा मोडत होती. "सगळ्यायले सारखं काहून नाही देत? भांडण नको ना."
सांगितलं तिले. सारखे चार केले तर चौसष्टचे चार. शंभर कॉम्प्युटर चौसष्टात कसे कोंबू? अन् लॅबच्या दहा मशिनींपुढं चौसष्ट ठेवून काय करू? अन् तुकडा मनासारखा कापता येत नाही. सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, हेच माप. अन् हर तुकड्यातला पहिला अन् शेवटचा पत्ता कोणाले द्यायचा नाही. अन् एक बाहेर जायच्या दरवाजाले.
"म्हणजे चौसष्टचे एकसष्टच," ती म्हणाली.
हाव. बराबर. पण ऐकत होती की माझं मन राखत होती, देव जाणे.

१३ ऑगस्ट
वॉर्डात ५८ बेड मंजूर. हर बेडले एक मॉनिटर, अधिक सिस्टरच्या डेस्कवरचा मोठा स्क्रीन. एकोणसाठ. एकसष्टातून दोन उरतात. कागदावर सगळं ठीक.
दुपारी तेच पाहत बसलो होतो अन् एकदम आठवलं. डोक्यावर ट्यूबलाइट. उजव्या बाजूले लिफ्टचं दार, सारखं उघडबंद. मी बेडवर नाही, कॉरिडॉरमध्ये, चाकाच्या कॉटवर. उशाशी ट्रॉली, ट्रॉलीवर मॉनिटर, त्यात हिरवी रेघ. पलीकडं एक काका खोकून राहिले. त्यांच्या पलीकडं एक बाई. ओळच होती. डेंग्यूचे दिवस, दवाखाना तुडुंब.
अन् दूर डेस्कवरून सिस्टरचा आवाज, "ट्रॉलीवालं वाजलं, पळ."
म्हणजे एक्स्ट्रा बेडचे मॉनिटरही डेस्कले जोडलेले असतात. जुन्या बिल्डिंगमध्ये वाटपच नाही, सगळं एका मोठ्या रेंजमध्ये, जो येईल त्याले पत्ता. म्हणून कोणी कधी मोजले नाही. आता आम्ही मोजून देऊन राहिलो. दोनाच्या वर ट्रॉली आल्या तर तिसरीले पत्ता नाही. मॉनिटर चालू दिसेल, रेघ दिसेल, पण डेस्कवर काहीच जाणार नाही. माणूस गेला तरी तिकडं वाजणार नाही.
पुढं उद्या.

१४ ऑगस्ट
रंजूले विचारलं, मी कुठं होतो?
"खिडकीजवळच्या बेडवर होते तुमी. कडुलिंबाचं झाड दिसत होतं."
कॉरिडॉरमध्ये नव्हतो?
"नाही वो. तुमाले तापात तसं वाटलं असन."
मले ताप नव्हता. फाइल काढली. फाइलमध्येही बेडचाच नंबर. आता डोळे मिटले तर ते झाडही दिसून राहिलं, पानं हलताना. तिनं सांगितलं की दिसाले लागलं. हेच वाईट आहे. माझ्या डोक्यात कोण काय ठेवून जाते, मले कळत नाही.

१८ ऑगस्ट
कुंदा सिस्टरले गाठलं. आयसीयूची इन्चार्ज, वीस-बावीस वर्षांची ओळख. मी आजारी असताना तिनंच पाहिलं.
विचारलं, सीझनमध्ये एक्स्ट्रा बेड किती लागतात?
फाइल बंद केली तिनं. "एक्स्ट्रा बेड आपल्याकडे नसतात, रामटेके भाऊ. मंजूर अठ्ठावन्न, भरती अठ्ठावन्न."
पण मी स्वतः—
"तुम्ही खूप बिमार होते, भाऊ."
कसं गोड बोलली. लहान पोराशी बोलतात तसं. जिन्यात बसलो थोडा वेळ. मग रंजू घ्यायले आली.

२० ऑगस्ट
प्राचीले म्हटलं, वॉर्डले १२८ देऊ. वॉर्ड अन् कॉम्प्युटर मिळून रेंज संपेल, कॅमेरे-फोन-लॅबसाठी हेड ऑफिसले आणखी चौसष्टचा एक तुकडा मागू. काम दोन तासांचं.
"कारण काय लिहू सर?"
पुढची वाढ, असं लिही.
लिहिलं बिचारीनं. माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही. तिच्यानं मले नाही म्हणवलं नाही म्हणून.

२४ ऑगस्ट
हेड ऑफिसचं उत्तर. मंजूर बेड ५८, वाढीची परवानगी नाही, मागणी परत. घा. साहेबांनी मले बोलावून दार लावलं. "रामटेके, सिस्टरला विचारलंत म्हणे? ह्या एक्स्ट्रा बेडच्या गोष्टी कुठून काढल्या? तपासणीवाले ऐकतील तर लायसन्सवर येईल."
म्हणजे असतात ना साहेब?
"मी असं म्हटलं का?" मग आवाज खाली आला. "वॉर्डानं लेखी द्यावं. कुंदा सिस्टरनं सही करावी. मी लगेच पाठवतो."
ती कशी सही करेल? सही केली की तिचीच नोकरी जाईल. त्यांलेही माहीत, मलेही.

२६ ऑगस्ट
बेसाले गेलो, साइट पाहायले. मनीषनगरचा पूल ओलांडून पुढं सगळं नवं नवं, ओळखू येत नाही. प्राचीच्या गाडीत.
तिसऱ्या माळ्यावर वॉर्ड. लिफ्टसमोर लांब कॉरिडॉर, रुंद, चकाचक. भिंतीत कमरेच्या उंचीवर प्लग अन् नेटवर्कचे पॉइंट. एक-दोन नाही, ओळीनं आठ. प्राची म्हणाली, सफाईच्या मशिनीसाठी असतील सर.
सफाईच्या मशिनीले नेटवर्क कायले पाहिजे?
वायरमनले विचारलं. तो म्हणे, "नकाशात नव्हते साहेब. एक सिस्टर आल्या होत्या पाहायले, त्यायनं सांगतलं, इथं लावजा म्हणून."
प्राची माझ्याकडं पाहून राहिली. पण परत येताना एकदाही सर म्हणाली नाही.

२८ ऑगस्ट
दुपारी कुंदा सिस्टर स्वतः माझ्या टेबलापाशी आली. इकडं कधी येत नाही ती. उभीच राहिली.
"तुमच्या त्या वॉर्डाच्या तुकड्यात मंजूर सोडून किती मावतात?"
दोन.
"पुरणार नाहीत," म्हणाली. अन् गेली.
एवढंच. बाप्पा, किती वेळ मी त्या दाराकडं बघत बसलो. डोकं ठिकाणावर आहे माझं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. मग लगेच लाज वाटली. मले आनंद कशाचा झाला? माणसं कॉरिडॉरमध्ये पडतात याचा?

२९ ऑगस्ट
रंजूले आज सोडलं नाही. म्हटलं, सिस्टर बोलली. प्लग पाहून आलो. आता तू खरं सांग.
खूप वेळ भांडीच घासत राहिली. मग तशीच, पाठ करून, "लिफ्टजवळ होते. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत. मग बेड भेटला, खिडकीजवळचा."
काहून लपवलं वं?
"तुमच्याच दवाखान्यात तुमाले बेड नाही भेटला. लोक म्हणे भांड, साहेबाले फोन कर. मी नाही भांडली. उगीमुगी बसून राहिली भिंतीले टेकून. वाटलं भांडलं तर कॉटही काढून घेतीन." नळ बंद केला. "तुमाले आठवत नव्हतं. म्हटलं, नाही आठवत तर खिडकीच आठवू दे."
मी तिच्यावर ओरडलो. खूप वाईट बोललो. तू माझं डोकं खराब केलं म्हटलं. ती रडली. मीही. झटक्यानंतर मले रडणं लवकर येते, डॉक्टर म्हणतात त्याचं काही नाही. पण हे ते रडणं नव्हतं.

३१ ऑगस्ट
रंजू बोलते आहे, पण कामापुरतं. डबा दिला. आलूभात. लोणचं विसरली, म्हटलं नाही.

१ सप्टेंबर
सिस्टर सही करत नाही, साहेब सहीशिवाय पाठवत नाही. मग उरलं कोण? मी.
अर्ज लिहिला, डाव्या हातानं कागद दाबून, उजव्या हातानं. गेल्या ऑक्टोबरात मी स्वतः कॉरिडॉरमध्ये एक्स्ट्रा बेडवर भरती होतो. माझा मॉनिटर डेस्कले जोडलेला होता. माझ्या बाजूले आणखी पेशंट होते. सबब वॉर्डले १२८ चा तुकडा द्यावा. कुंदा सिस्टरचं नाव लिहिलं नाही. प्लगचंही लिहिलं नाही. तिच्यावर यायले नको.

२ सप्टेंबर
घा. साहेबांनी अर्ज वाचला, दोनदा. चष्मा काढून डोळे चोळले. वाईट माणूस नाही तो.
"सोमवारी तुमचं बोर्ड आहे, रामटेके. आठवणीचे प्रश्न विचारतात. फाइलमध्ये आहे तेच बरोबर उत्तर. तुम्ही तिथं कॉरिडॉर म्हणाल तर ते काय लिहितील? पेशंटला भास होतात. मग हलकं कामही नाही, घरी." अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. "तोवर हा इथं राहू द्या. बोर्ड पास करा, मग बोलू."
मग म्हणजे कधी? वॉर्ड त्याच्या पुढच्या आठवड्यात शिफ्ट होते.

४ सप्टेंबर
अर्ज पास झालाच तर तयार असावं म्हणून दुसरा प्लॅन मांडला. वॉर्ड ० ते १२७, कॉम्प्युटर १२८ ते २५५. नव्या तुकड्यात लॅब, फोन, मग कॅमेरे.
प्राची वाकून पाहत होती. "सर, हे चुकलं. कॅमेरे मोठे आहेत, ते आधी. तुम्हीच म्हणता ना."
लहान आधी टाकले होते मी. या वेळी बसत होते, सोळा अन् सोळा बत्तीस, पण पद्धत चुकलीच. म्हटलं, हाव, चुकलं. ती घाबरली, सॉरी सर म्हणे. मी म्हटलं, सॉरी कायची, चहा सांग दोन.

६ सप्टेंबर
रविवार. रंजू विहारात वंदनेले जाऊन आली. आल्यावर माझ्यासमोर बसली.
"उद्या विचारतीन तुमाले. काय सांगाल?"
माहीत नाही.
खरंच माहीत नाही. घरी बसलो तर मी काय करू? हे काम सोडून मले दुसरं काहीच येत नाही. सकाळी शर्ट घालून बाहेर पडतो तेवढाच मी माणसात आहे. अन् माझ्या एका बोलण्यानं तुकडा मोठा होईल याची काय गॅरंटी? नोकरीही गेली अन् चौसष्टचे चौसष्टच राहिले, असंही होऊ शकते.
तिनं खिडकी म्हणा, असं म्हटलं नाही. कॉरिडॉर म्हणा, असंही नाही. शर्टाले इस्त्री करून ठेवली.

७ सप्टेंबर
बोर्ड झालं. तीन डॉक्टर. नातेवाईक म्हणून रंजू मागं खुर्चीवर.
तारीख, वार, महिने उलटे. ठीक. शंभरातून सात-सात कमी करा म्हणाले, एकोणऐंशीपाशी अडकलो. तसं सांगितलं त्यांले. चित्र काढलं घड्याळाचं, बरं आलं.
मग मोठे डॉक्टर फाइल पाहत म्हणाले, "भरती होता तेव्हा कुठल्या बेडवर होता, आठवतं?"
नंबर मले पाठ होता. ओठावर आला होता.
म्हटलं, आधी बेड नव्हता साहेब. लिफ्टजवळ होतो, एक्स्ट्रावर. पलीकडं खोकणारे एक काका, त्यांच्या पलीकडं बाई.
तिघं एकमेकांकडं पाहायले लागले. एकानं पेन उचललं. मोठे डॉक्टर समजूत घालायच्या आवाजात म्हणाले, "असं वाटतं पेशंटला कधी कधी. ताई, तुम्ही सांगा, कुठे होते हे?"
रंजू उभी राहिली. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नाही, सगळ्या माळ्यावर गेला असेल. "लिफ्टजवळच होते. मी होती तिथं, खाली बसून. अन् त्या खोकणाऱ्या काकाचं मशीन डेस्कवर वाजलं म्हणून सिस्टर धावत आली, म्हणून तो माणूस जगला. मी डोळ्यानं पाह्यलं. माझ्या नवऱ्याले भास नाही झाला. लिहा."
पेनवाल्यानं काहीतरी लिहिलं. काय, ते मले उलटं वाचता आलं नाही.
"बाहेर बसा," म्हणाले.

९ सप्टेंबर
बोर्डाचा निकाल नाही. पत्र येईल म्हणे. घा. साहेब रजेवर, फोन उचलत नाहीत. ड्रॉवरले कुलूप. प्राचीनं दुसरा प्लॅन स्वतःच्या नावानं हेड ऑफिसले पाठवला, मले न विचारता. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं, विचारलं. "जे आहे ते," म्हणाली. उत्तर नाही अजून.
सोमवारी वॉर्ड बेसाले जाते. मंजूर तुकडा आज तरी चौसष्टचाच, म्हणजे साठ पेशंटचा.
जाता जाता कुंदा सिस्टरले विचारलं, वॉर्डात किती झाले?
"चोपन्न," म्हणाली. "सकाळपासून सहा आले. सगळे डेंग्यू."